अन्नाचे वावडे आणि माहितीचे दुर्भिक्ष

मराठी भाषेत 'वावडे' हा एक अत्यंत नेमका शब्द आहे. कुणाला वांगे वावडे असते, कुणाला हरभऱ्याची डाळ, कुणाला अंडे. जे अन्न दहा जणांना पुष्टी देते तेच अकराव्याला सोसत नाही, हे अनुभवसिद्ध सत्य आपल्या वाडवडिलांनी या एका शब्दात बांधून ठेवले आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द वैद्यकशास्त्राला दिला. तोवर आपल्या घराघरांत वावड्याची नोंद तोंडी का होईना, पण होत होती. तथापि शब्द जुना असला, तरी त्यामागील प्रश्नाकडे समाज, शासन आणि बाजारपेठ यांपैकी कुणीही पुरेशा गांभीर्याने पाहिले आहे, असे म्हणण्यास आधार नाही. उलट, अन्नाची ॲलर्जी हे शहरातील सुखवस्तू घरांचे थेर आहे, कष्टकऱ्यांच्या मुलांना असले काही होत नसते, असा एक समज ग्रामीण भागात सर्रास आढळतो. हा समज कितपत खरा आहे, आणि तो खोटा असेल तर त्याची किंमत कोण मोजतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

पित्ताच्या नावाखाली

भुदरगडसारख्या तालुक्यात एखाद्या मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, की 'पित्त उठले' असे निदान घरातच होते. आमसुलाचे पाणी अंगाला चोळले जाते आणि मुलाला घोंगडीत गुंडाळून निजवले जाते. तास-दोन तासांत गांधी उतरतात आणि प्रकरण मिटते. पुढच्या खेपेस त्याच मुलाला धाप लागते, तेव्हा तो 'दमा' ठरतो. त्याच्या पुढच्या खेपेस उलट्या होतात, तेव्हा ते 'बाधलेले' असते. प्रत्येक वेळी नाव वेगळे, उपचार वेगळा आणि दवाखान्याचा खर्चही वेगळा. परंतु आधीच्या दोन तासांत मुलाने नेमके काय खाल्ले, हा एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. पित्त उठण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक गांध ही अन्नामुळेच उठते असे मुळीच नाही. परंतु तेच तेच अन्न खाल्ल्यावर तेच तेच घडत असेल, तर त्याला योगायोग म्हणणे हा शहाणपणा नव्हे.

या विकाराचे शास्त्र थोडक्यात असे. शरीराची संरक्षण-यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनाला शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते आणि पुढे ते अन्न पोटात जाताच हल्ला चढवते. हा हल्ला बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत होतो. बहुतेकदा तो त्वचेपुरता राहतो; पण क्वचित घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. या उग्र अवस्थेला 'ॲनाफायलॅक्सिस' म्हणतात. तिच्या शोधाबद्दल फ्रान्सचे शार्ल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अत्यल्प मात्राही पुरी पडते, हे या विकाराचे वैशिष्ट्य होय. म्हणूनच येथे 'थोडेसे खाल्ले तर काय होते?' हा प्रश्न गैरलागू ठरतो.

तीन वेगळे विकार

या विषयात सर्वाधिक घोटाळा होतो तो तीन भिन्न गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे. दूध प्यायल्यावर पोट फुगणे वा जुलाब होणे हे बहुधा दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणाऱ्या विकराच्या कमतरतेमुळे घडते. हा त्रास आहे, परंतु तो जीवघेणा नाही. अशा माणसाला दही-ताक पुष्कळदा सोसते. दुधाची ॲलर्जी ही दुधातील प्रथिनांची असते, आणि तिच्यात ताकही चालत नाही. घरोघरी म्हैस बाळगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. गायीचे दूध सोसत नाही म्हणून बाळाला म्हशीचे वा शेळीचे दूध द्यावे, हा सल्ला अशा ॲलर्जीत धोक्याचा आहे, कारण या दुधांतील प्रथिने परस्परांशी फार मिळतीजुळती असतात.

तिसरा विकार सीलिअॅक. गव्हातील ग्लुटेनमुळे येथे आतड्याच्या अस्तराचीच झीज होते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा हा संबंध दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्याकडील या विकाराच्या मुलांची प्रकृती सुधारत गेल्याचे त्यांना दिसले. उत्तर भारतातील पाहणीत सुमारे शंभरात एक माणसाला हा विकार आढळला. दक्षिणेत प्रमाण बरेच कमी आहे. परंतु भाकरीची जागा जसजशी पोळी आणि बेकरीचे पदार्थ घेऊ लागले आहेत, तसतसे वाढ खुंटलेल्या, सतत रक्तक्षय असलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांनी या शक्यतेचाही विचार करणे इष्ट ठरेल.

ताटातील अदृश्य पाहुणे

अन्नातील ॲलर्जी दुहेरी अर्थाने छुपी असते. विकार दुसऱ्याच नावाखाली दडतो आणि त्याला कारण होणारा पदार्थ दुसऱ्याच पदार्थाच्या पोटात दडतो. कोल्हापूरकडील स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कुठे नसते? वांग्याच्या भाजीपासून उपवासाच्या खिचडीपर्यंत त्याचा संचार आहे. पांढऱ्या रश्श्यात काजू, खसखस आणि तीळ असतात. कांदा-लसूण मसाल्यात तीळ आणि सुके खोबरे. पंक्तीत बसणाऱ्या पाहुण्याला यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही.

याहून नवलाची उदाहरणे आहेत. बाजारात मिळणारा बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंकाबरोबर बहुधा मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. साहजिकच सीलिअॅकचा रुग्ण गहू कटाक्षाने टाळूनही वरणाच्या फोडणीतून तो खात राहतो. शुद्धीकरण केलेल्या शेंगतेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. पण सध्या ज्याचा बोलबाला आहे त्या लाकडी घाण्याच्या तेलात ती काही प्रमाणात राहतात. काजूकतलीत शेंगदाणे मिसळणारा आणि बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळणारा व्यापारी आपल्या दृष्टीने केवळ नफेखोर असतो. ॲलर्जीच्या माणसाच्या दृष्टीने ही भेसळ फसवणुकीपुरती राहत नाही. तिने प्राणावर बेतू शकते.

आपल्याकडील संशोधकांनी या बाबतीत महत्त्वाचे काम केले आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९९७ साली एस. पी. पाटील, पी. व्ही. निफाडकर आणि एम. एम. बापट यांनी मेथीच्या ॲलर्जीची दोन उदाहरणे प्रसिद्ध केली. मेथीची पूड श्वासावाटे गेल्यामुळे एका रुग्णाचे नाक वाहू लागले, छातीत घरघर सुरू झाली आणि शुद्ध हरपली. दुसऱ्याने कोंड्यावर उपाय म्हणून वाटलेली मेथी डोक्याला लावली, आणि त्याचा चेहरा सुजून श्वास कोंडला. बाळंतिणीला ज्या मेथीचे लाडू आपण प्रेमाने चारतो, तीच ही मेथी. याच संशोधकांनी २००१ साली हरभरा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचे दाखवून दिले. पिठले, भजी, शेव आणि बुंदी यांच्या या प्रदेशात हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. पण तो दुर्लक्षिला गेला.

बाजारपेठेचा दोष

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर हा मुळात माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. मालाचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो आणि ग्राहकाला ठाऊक नसतो, तेव्हा बाजार आपोआप चांगल्या मालाची निवड करील, ही अपेक्षा फोल ठरते. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. खाद्यपदार्थांना तर हा सिद्धांत अधिकच लागू पडतो. लाडवात काय आहे हे हलवाई जाणतो. ते ग्राहकाला कळते तेव्हा लाडू पोटात गेलेला असतो.

आपल्या गुळाचेच उदाहरण घेऊ. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सौद्यात भाव मिळतो तो पिवळ्याधमक रंगाला. रंग उजळण्यासाठी काही गुऱ्हाळांत 'हायड्रो', म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरले जाते आणि त्याचा गंधकयुक्त अंश गुळात उरतो. दम्याच्या काही रुग्णांना अशा सल्फाइटमुळे श्वासाचा तीव्र त्रास होतो. काटेकोर अर्थाने ही ॲलर्जी नव्हे, पण परिणाम तितकाच घातक. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे बंधन कायद्याने घातले आहे. तथापि काळपट गूळ विकणाऱ्या प्रामाणिक गुऱ्हाळमालकाला बाजार कमी भाव देतो आणि रसायन घालणाऱ्याला अधिक. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. रंगालाच शुद्धता समजणारा ग्राहकही त्यात भागीदार आहे.

कायदा आहे, पण पुडीपुरता

कायदा नाही, अशी तक्रार करण्यास जागा नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखालील २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार आठ गटांची नोंद वेष्टनावर करणे बंधनकारक आहे : ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, भुईमूग व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट. परंतु या तरतुदीत तीन मोठी छिद्रे आहेत.

पहिले छिद्र असे की, हा नियम वेष्टनबंद मालाचा आहे. गारगोटीच्या बाजारपेठेत आजही खारी, नानकटाई, फरसाण, पेढे, बेसन आणि मसाले मोठ्या प्रमाणावर सुटे विकले जातात. कागदाच्या पुडीवर लेबल नसते. उपाहारगृहांवरील माहितीचे बंधनही प्रामुख्याने मोठ्या, अनेक शाखांच्या हॉटेलांना डोळ्यांसमोर ठेवून घातलेले आहे. वडापावच्या गाड्यापर्यंत आणि जत्रेतील महाप्रसादापर्यंत ते पोहोचत नाही.

दुसरे छिद्र भाषेचे. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असले की कायद्याचे समाधान होते. मराठीची सक्ती नाही. बिस्किटाच्या पुड्यावरील मुंगीएवढ्या अक्षरांतील इंग्रजी मजकूर वाचून त्यात दूध वा सोया आहे हे ताडणे पदवीधरालाही जड जाते. मग चौथी-सातवी शिकलेल्या मातेने काय करावे?

तिसरे छिद्र यादीचे. ती 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय संहितेच्या जुन्या यादीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. तीत तीळ नाही, मोहरी नाही आणि हरभरा तर नाहीच. युरोपीय संघाच्या चौदा पदार्थांच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाची नोंद सक्तीची केली. ब्रिटनमध्ये नताशा एडनन-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली पावात दडलेल्या तिळामुळे दगावली. तिच्या आईवडिलांनी नेटाने पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही संपूर्ण घटकसूची छापणे तेथे बंधनकारक झाले. संक्रांतीला घरोघर तीळगूळ वाटणाऱ्या देशाने तिळाचा उल्लेख परक्यांच्या यादीत शोधावा, हे शोभादायक नाही.

आकडे आणि त्यांचा अर्थ

आता प्रमाणाकडे वळू. बंगळूर व म्हैसूर येथील प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्ततपासणीत अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळलेल्यांचे प्रमाण २६.५ टक्के होते. प्रत्यक्ष ॲलर्जी संभवनीय होती अशांचे मात्र केवळ १.२ टक्के. शाळकरी मुलांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रमाण ०.१४ टक्के इतके अल्प निघाले. कर्नाटकातील आकडे जसेच्या तसे कोल्हापूरला लावणे शास्त्रीय ठरणार नाही. तरीही त्यांतून दोन धडे मिळतात. १.२ टक्के म्हणजे लाखामागे बाराशे माणसे. ही संख्या नगण्य नव्हे. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. तपासणी 'पॉझिटिव्ह' आलेल्या दर वीस-बावीस माणसांत खरी ॲलर्जी असणारा सुमारे एकच असतो.

या दुसऱ्या धड्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे एक नवाच धंदा उभा राहिला आहे. रक्ताच्या एका नमुन्यावर शंभर-दोनशे पदार्थांची तपासणी करून देणारी 'पॅकेजे' आता तालुक्याच्या गावापर्यंत विकली जाऊ लागली आहेत. त्यांतील 'आयजीजी' तपासणी तर ॲलर्जीच्या निदानासाठी निरुपयोगी असल्याचे या विषयातील मान्यवर वैद्यकीय संघटनांनी स्पष्ट केले आहे. ते प्रतिद्रव्य ते अन्न खाण्यात असल्याची खूण आहे, रोगाची नव्हे. अशा अहवालावर विसंबून दूध, अंडी, डाळ आणि शेंगदाणे एकदम बंद झाले, तर कुपोषणाच्या उंबरठ्यावरील मुलाचे काय होईल, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. न ओळखलेली ॲलर्जी हा जसा एक तोटा, तशी नसलेली ॲलर्जी चिकटवणे हा दुसरा. धोरण आखताना दोन्ही तोट्यांची बेरीज करावी लागते.

काय करावे?

निदानाचे खरे साधन स्वस्त आहे. एका वहीत काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, काय त्रास झाला आणि किती वेळाने झाला, एवढ्याच नोंदी तीन-चार आठवडे ठेवाव्यात. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्यांच्या सल्ल्याने संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पुन्हा सुरू करावा व फरक पाहावा. पूर्वी उग्र त्रास झाला असेल, तर हा प्रयोग घरी मुळीच करू नये, तो रुग्णालयातच व्हावा. त्वचेवरील टोचणी-चाचणी आणि देखरेखीखाली ते अन्न खाऊ घालून घेतलेली परीक्षा यांनी निदान पक्के होते. दूध आणि अंडे यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयाबरोबर जाते, म्हणून फेरतपासणीही हवी.

भीतीपोटी लहान मुलांना पदार्थांपासून दूर ठेवणे हाही उपाय नव्हे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲलर्जीचा संभव अधिक असलेल्या ६४० बालकांपैकी ज्यांना लहानपणापासून भुईमूग खाऊ घातला, त्यांच्यात पाचव्या वर्षी भुईमुगाच्या ॲलर्जीचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र असे अन्न पातळ करूनच द्यावे. अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकतो. ज्या बाळाला तीव्र इसब आहे वा अंड्याची ॲलर्जी ठरली आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचारावे.

ॲनाफायलॅक्सिसवर प्रथमोपचार एकच, तो म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळीने गांधी उतरतील, पण बंद होणारा श्वास सुरू होणार नाही. परदेशात रुग्ण हे औषध पेनाच्या आकाराच्या तयार सुईत खिशात बाळगतात. आपल्याकडे अशी सुई सहज मिळत नाही. परंतु ॲड्रेनॅलिनची साधी कुपी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, स्वस्त आहे आणि लसीकरणाच्या निमित्ताने तिचा संच आरोग्यसेविकेपर्यंत पोहोचलेला आहे. लसीनंतरच्या प्रतिक्रियेसाठी जी व्यवस्था चालते, तीच अन्नाच्या प्रतिक्रियेसाठीही चालावी, एवढीच मागणी आहे. वाडी-वस्तीवरून गारगोटीला आणि गारगोटीहून पन्नास किलोमीटरवरील कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात जाईपर्यंत जो वेळ जातो, तो या विकाराला परवडणारा नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही कुपी, ती देण्याचा अधिकार असलेली प्रशिक्षित व्यक्ती, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत हे जाणणारा शिक्षक, एवढी त्रयी असली तरी पुष्कळ साधेल. श्वास घेणे जड जात असेल, तर रुग्णाला बसू द्यावे. पण उभे करून चालवू नये.

शाळांचा वाटा येथे मोठा आहे. शालेय पोषण आहाराच्या पंक्तीत बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आरोग्यपत्रकात 'वावडे' असा एक रकाना घालण्यास शासनाला दमडीचाही खर्च येणार नाही. जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठाची उभारणी केली ती शिक्षण ग्रामीण जीवनाशी जोडण्याच्या दृष्टीने. आहाराची वही हा तशाच शिक्षणाचा सोपा पाठ होऊ शकतो.

इतक्या थोड्या लोकांसाठी लहान दुकानदारावर बोजा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर आपल्याच बाजारात आहे. वेष्टनावरील शाकाहाराचा हिरवा ठिपका गेली दोन दशके आपण सर्वत्र पाहतो आहोत. तो छापल्याने एकही कारखाना बुडाला नाही आणि निरक्षर माणसालाही तो कळतो. श्रद्धेच्या रक्षणासाठी जे साधले, ते प्राणरक्षणासाठी का साधू नये? सुटा माल विकणाऱ्याने 'यात शेंगदाणा आहे', 'यात मैदा आहे', 'यात तीळ आहे' अशी खडूने लिहिलेली पाटी बरणीपुढे लावली, तरी काम भागेल. तपासनीसांची फौज त्यासाठी लागणार नाही. अन्न व औषध प्रशासनाचा एक साधा मराठी आदेश आणि ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचा पाठपुरावा पुरे.

शेवटची गोष्ट कायद्याच्या कक्षेबाहेरची आहे. आग्रह हे आपल्या पंक्तीचे भूषण मानले जाते. परंतु 'मला हे चालत नाही' असे कुणी म्हटल्यावर 'घासभर खाऊन बघ, काही होत नाही' असे म्हणणारा यजमान प्रेमापोटी जोखीम लादत असतो, आणि ती निभावण्याची पाळी पाहुण्यावर येते. नव्या सुनेला सासरच्या पंक्तीत, आणि वसतिगृहातील मुलाला खानावळीत, आपले वावडे संकोच न बाळगता सांगता आले पाहिजे. आहारातील वावडे शरीराचे असते. त्यावर सर्वस्वी उपाय नसेलही. माहितीचे वावडे मात्र आपल्या व्यवस्थेला जडले आहे, आणि ते दूर करणे सर्वस्वी आपल्या हातात आहे.